सासूबाईंचे उलटे पत्रे

आमच्या सासूबाई घरांच्या छपरांवर पत्रे मारतात. लोकांना आधी हसू येतं, मग ते वय विचारतात. बासष्ट. हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. सासरे गेले तेव्हा मागे राहिली एक शिडी आणि स्क्रूची पेटी. त्यावर बाईंनी मुलगा वाढवला. तोच मुलगा, म्हणजे माझा नवरा, आता पंख्याखाली बसून म्हणतो, "आई, बस झालं आता. लोक मला नावं ठेवतात."

गेल्या वर्षी त्याने फारच पिच्छा पुरवला. आईंनी जेवता जेवता तोंडावर सांगितलं, "ज्या दिवशी माझ्या हातून काम चुकेल, त्यानंतर मी छपरावर चढणार नाही. तोवर हा विषय बंद." मी वाढत होते, त्यामुळे साक्षीदार मीच.

मग पाळणाघराचं काम आलं. उघड्या माळावरची खोली, पश्चिमेकडून भणाणता वारा. चार वर्षं मी आईंच्या बरोबरीने वर चढतेय, त्यामुळे मलाही कळतं. पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून बसवत यायचे. मग पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. पण टेम्पोवाल्याने माल नेमका पश्चिमेला उतरवला, ठेकेदाराने घाई लावली, आणि आम्ही दोघी शहाण्या तिथूनच सुरू झालो. संध्याकाळपर्यंत अकरा पत्रे बसले. कडेला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, वॉशर घट्ट. दिसायला देखणं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळाचा इशारा आला, उद्या दुपारचा. आई छपराकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळे जोड वाऱ्याकडे तोंड करून आहेत. उलटं बसवलंय मी."

आजूबाजूला कुणी नाही ना, ते मी पाहिलं. हळूच म्हटलं, "आई, कुणाला कळणार आहे? तुमच्या मुलाला तर पत्र्याची वरची बाजू कुठली तेही कळत नाही."

"मला कळलंय ना. खाली बारा पोरं झोपतात."

ठेकेदार हातापाया पडायला लागला. "मावशी, आहे ते राहू द्या. छप्पर अर्धं उघडं असताना वादळ आलं तर?"

"तर मला जाब विचार. आत्ता बाजूला हो."

मग त्यांनी स्वतः मुलाला फोन लावला. "चुकले मी. हे छप्पर सरळ करते, मग पुन्हा चढणार नाही." तो म्हणाला, "बघ, शेवटी माझंच खरं ठरलं." तेव्हा त्याचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

दीड दिवस आम्ही मान वर केली नाही. भोकं तीच ठेवली, फक्त प्रत्येक जोडाला वरचा पत्रा खाली घातला आणि खालचा वर घेतला. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा वाऱ्याने माझी ओढणी केव्हाच पळवली होती. नव्या छपराखाली पहिलं वादळ बसून काढायचं, ही आईंची रीत. आम्ही दोघी रिकाम्या पाळणाघरात भिंतीला टेकून बसलो. वर नुसता धडधडाट. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण एकही जोड उचलला नाही. समोरच्या गोदामाचे पत्रे मात्र रस्त्यावर आले.

दुसऱ्या दिवशी गोदामवाला आमच्या दारात. नवऱ्याने दारातूनच सांगितलं, "आईने काम सोडलंय." आई खाली मान घालून बसल्या होत्या. शब्द दिला होता ना.

मी स्क्रूची पेटी उचलली. "शब्द आईंनी दिला होता. मी नव्हता दिला."

"तू एकटी?" नवरा म्हणाला. "आणि चुकलीस म्हणजे?"

"चुकले तर उलगडून पुन्हा बसवीन. घरात शिकवणारं माणूस आहे."

तो काही बोलणार, तोवर आई उठल्या आणि पायात चपला घातल्या.

"मी वर चढणार नाही," त्या मुलाला म्हणाल्या, "पण खाली उभं राहून हिच्यावर ओरडणार नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही."