गळ्याची सोनोग्राफी आणि पोटभर पाणी

मंडळी, आईला घेऊन आत्ताच मदन महलच्या सोनोग्राफी सेंटरहून घरी आले. उठून चहा ठेवायचंही त्राण नाही, तरी लिहून राहिले, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आईच्या गळ्याला थायरॉइडची गाठ आहे. कितीतरी महिने ती पदराने झाकत राहिली. आज एकदाचं तिला सोनोग्राफीला नेलं.

नंबर यायला दुपार झाली. आई सारखी बाटलीतलं पाणी पिऊन राहिली होती. चेहरा पार आवळलेला. "बाथरूमला जाऊन ये," म्हटलं, तर नाहीच म्हणे.

आत डॉक्टरांनी गळ्यावर जेल लावून मशीन फिरवलं आणि मला पडद्यावर गाठ दाखवली. "देखिए, काली दिख रही है, किनारे भी साफ़ नहीं हैं. कैंसर ही है, ऐसा नहीं कह रहा, पर शक है. सुई वाली जाँच करवा लीजिए."

ती जाँच कुठे, कधी करायची ते मी विचारून राहिले होते. आई मात्र उठून बसली आणि हळूच म्हणाली, "आता जाऊ का बाथरूमला?"

मी चिडलेच. "अगं, गळ्याच्या सोनोग्राफीला इतकं पाणी काहून प्यायलीस?"

"मागच्या वेळी त्यांनीच प्यायला लावलं होतं."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"तू पोटात होतीस तेव्हा."

परत येताना ऑटोत ती माझ्या खांद्यावर झोपून गेली.

तुमच्या आईची शेवटची तपासणी कधी झाली होती? आणि ती कोणासाठी होती?