बंपरला भोक न पाडता लावलेली नंबरपाटी

हँड ड्रिलचं टोक मी बंपरला टेकवलं आणि दांडा फिरवणार, तेवढ्यात किसनराव धावत येऊन माझ्या हातालाच लटकले.

"थांबा जी मिस्तरी! काय करून राहिले?"

"भोक पाडून राहिलो. समोरची नंबरपाटी लावाची हाय ना?"

"भोक? माह्या नव्या मोटारीले?"

मी ड्रिल खाली ठेवलं. गिऱ्हाईक हाताला धरून असताना ड्रिल चालवू नये, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं त्या काळची ही गोष्ट. उमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा मोटार-कारखाना होता आणि मी तिथला हेडमिस्तरी. मोटारी विलायतेहून यायच्या. तिकडच्या लोकांनी आमच्या नंबरपाटीसाठी जागा कशाला ठेवावी? नंबर मिळाला की पेंटर काळ्या पत्र्यावर पांढरे आकडे काढून द्यायचा आणि मिस्तरी ती पाटी पुढं ठोकून द्यायचा. कुठं, तर बंपरवर. बंपर म्हणजे मोटारीच्या तोंडासमोरची आडवी लोखंडी पट्टी. धक्का लागला तर आधी ती खाते. तिच्यावर निकेलचा चकचकीत मुलामा असतो. दोन भोकं, दोन बोल्ट, काम खलास. सगळे असंच करायचे, मीही असंच करत होतो.

किसनराव माळी. शहराबाहेर त्यांची संत्र्याची बाग आणि फुलांचा मळा होता. मोटार अकोल्याहून आदल्या दिवशी आणलेली, कापडी टपाची, गर्द हिरवी. सोबत त्यांची आई होती. ती एका जुन्या टायरवर बसून झेंडूच्या माळा ओवत होती, कारण दुसऱ्या दिवशी दसरा. ही म्हातारी कित्येक वर्षं पहाटे डोक्यावर फुलांची पाटी घेऊन मळ्यातून पायी यायची आणि अंबादेवीच्या दारात बसून फुलं विकायची. किसनरावांनी तिला शब्द दिला होता, की एका दसऱ्याला तुले आपल्या सोताच्या मोटारीत अंबादेवीले नेईन. तो दसरा उद्यावर आला होता. नंबरपाटीशिवाय मोटार रस्त्यावर काढली तर पोलीस पहिल्याच चौकात उतरवणार. म्हातारीला मोटारीतून उतरवून पायी देवळात धाडायचं, हे किसनरावांना मरणाहून वाईट वाटत होतं. गावात आधीच कुजबुज होती, माळ्याले काय करायची मोटार म्हणून.

"मग भोक पाडू द्या," मी म्हटलं. "संध्याकाळच्या आत मोकळे व्हाल."

तेव्हा आजी बोलली. हात माळेवरच होते.

"उद्या मोटारीची पूजा हाय ना मिस्तरी? खंडित वस्तूची पूजा करतेत का कोणी? टवका उडालेली मूर्त आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही. मंग भोक पडलेली मोटार कशी पुजू मी?"

आमचे सेठ गादीवरून ओरडले, "अरे, सगळ्यांच्या मोटारीले भोकं हायेत! त्यांचा दसरा होत नाही का?"

"त्यांचा होत असंल," आजी म्हणाली.

सेठ म्हणाले, जाळीला तारेनं बांधा आणि मोकळे व्हा. याला मात्र मी साफ नकार दिला. पुढची जाळी म्हणजे रेडिएटर. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यात येऊन वाऱ्यानं थंड होतं. पाटी त्याच्यासमोर आली की वारा अडला. मग चिखलदऱ्याच्या घाटात पाणी उकळलंच म्हणून समजा. अकोल्याच्या एका वकिलाच्या मोटारीला कुण्या दीडशहाण्यानं पाटीचा स्क्रू थेट रेडिएटरात पिळला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत सगळं पाणी रस्त्यावर. त्या मिस्तरीचं नाव मला माहीत आहे, पण घेत नाही. आमच्या धंद्याची अब्रू आहे.

आता खरं सांगायचं तर आजीच्या बोलण्यानं मला चीडही आली होती आणि चेवही. मनात म्हटलं, बाई, तू म्हणतेस ना भोक नको, मग नाहीच पाडत. पण पाटी अशी बसवतो, की उमरावतीनं पाहत राहावं.

उपाय होता क्लँप. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यायचे, तापवून बंपरच्या आकारात वाकवायचे आणि एक पुढून, एक मागून असे बंपरला मिठी मारल्यासारखे आवळायचे. बोल्ट बंपरच्या वरून आणि खालून जातात, बंपरमधून नाही. पाटी क्लँपला बसते, मोटारीला नाही. ऐकायला सोपं आहे. पण लोखंडावर लोखंड आवळलं आणि मोटार धक्के खायला लागली, की निकेल खरवडून निघतं. मग मधे काहीतरी मऊ हवं. सगळी अक्कल त्या मधल्या वस्तूत होती.

मी भट्टी पेटवली. पट्ट्या वाकवल्या, कडा कानशीनं घासून गोल केल्या. मधे जुन्या ट्यूबचं रबर घातलं आणि मोटार बडनेऱ्याच्या रस्त्यानं जरा फिरवून आणली. परत येऊन क्लँप उघडला. रबर सरकून गोळा झालं होतं आणि निकेलवर काळसर ठसा उमटला होता. तो पुसून निघाला म्हणून बरं. वर्षभर राहिला असता तर निघाला नसता.

मग मी माझ्या मते हुकमी वस्तू काढली. जिनात सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं जाड चामड्याच्या पट्ट्यांवर फिरतात. तसा एक जुना पट्टा आमच्याकडे पडून होता. तेल पिऊन मऊ झालेला, लोखंडाला धरून बसणारा. एक तुकडा कापला आणि बंपरला लावून पाहिला. अगदी मापात!

"ते काय हाय?" आजीनं विचारलं.

"चामडं."

"नको."

"आजी, दिसणार बी नाही ते!"

"तुले दिसणार नाही. देवीले दिसते."

सेठनं कपाळावर हात मारला. "मिस्तरी, एका पाटीपायी दिवस घालवून राहिले तुमी! भोक पाडा नाही तं मोटार बाहेर काढा." किसनराव आईकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. एवढा बागाईतदार माणूस, पण चेहरा रडकुंडीला आलेला. मला त्यांची दया आली.

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी पिवळसर चिकटलेलं मला दिसलं.

"हे काय लागलं जी?"

"मेण. सकाळी संत्र्याचे डोळे बांधत होतो."

डोळा बांधणं म्हणजे कलम करणं. रानटी झाडाच्या सालीत चीर देऊन चांगल्या संत्र्याचा कोंब बसवायचा आणि वरून बांधून टाकायचं. मी शेतकऱ्याच्या घरचा, हे सगळं पाहिलेलं होतं. पण विचार कधी केला नव्हता.

"बांधता कशानं?"

"मेणकापडानं. सुती पट्टी मेणात बुडवून. सुतळीनं बांधलं तं सालीत रुतते. सैल बांधलं तं डोळा सुटते. असं बांधा लागते, की डोळा हालला नाही पायजे आन झाडाले समजलं नाही पायजे."

मी हातातलं चामडं भिरकावून दिलं. माझ्या डोक्यातला क्लँप पूर्ण झाला होता! सुती पट्टीत रबरासारखा डाग नाही, मेणामुळे पाणी आत जात नाही आणि मेण निकेलला धरून बसतं, म्हणजे सरकायची भीती नाही. आजीला विचारलं, मेण चालेल का. ती म्हणाली, मेणाले काय झालं?

कारखान्यात एका बाजेची जुनी नवार, म्हणजे बाज विणायची रुंद सुती पट्टी, होती. ती धुऊन, भट्टीवर वाळवून घेतली. मेण वितळवून त्यात बुडवली. बंपर आरशासारखा पुसला, कारण मातीचा एक कण जरी आत राहिला तरी तो कानशीचं काम करतो. मग बंपरला पट्टी गुंडाळायला मी किसनरावांनाच बसवलं. ज्याचा हात ज्या कामात बसलेला, त्यानं ते करावं. त्यांनी काय सुरेख गुंडाळली! एकावर एक अर्धी चढवत, कुठं सुरकुती नाही. वरून मी क्लँप चढवले, नटाखाली स्प्रिंगचे वायसर टाकले, म्हणजे धक्क्यानं नट ढिले होत नाहीत. दोन्ही बाजू सारख्या आवळत गेलो. आधी एकच बाजू आवळली की क्लँप तिरपा चावतो.

सेठ उठून आले. दोन्ही हातांनी पाटी धरून त्यांनी अशी गदागदा हलवली, की अख्खी मोटार कमानींवर डुलली. पाटी जागची हलली नाही.

"बसली," सेठ म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे फार झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अंबादेवीला गेलो. दर्शनाला गेलो असं घरी सांगितलं, पण गेलो होतो पाटी बघायला. हिरवी मोटार देवळाशी आली आणि दारात बसलेल्या साऱ्या फुलवाल्या उठून धावल्या. आजीच्या जुन्या सोबतिणी त्या. प्रत्येकीनं एक एक माळ आणली. मोटारीच्या दिव्यांवर आधीच माळा होत्या, म्हणून सगळ्यांनी आपापल्या माळा पाटीवर चढवल्या. झेंडूचे हे जाडजूड हार! पाटी दिसेनाशी झाली. माझा जीव टांगणीला. इतक्या ओझ्याचा विचार मी केला नव्हता.

तेवढ्यात पोलीस आला. "नंबर कुठं हाय या मोटारीचा?"

किसनराव गडबडले. आजी मात्र दार उघडून खाली उतरली. चार हार काढून तिनं पाटीच्या कडेकडेनं असे गुंफले, की नंबराला महिरपच झाली.

"वाच आता," ती पोलिसाला म्हणाली. "आन नीट पाय. साऱ्या उमरावतीत ही एकच मोटार हाय, जिले भोक नाही. त्या मिस्तरीनं केलं ते!"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. पोलीस वळला, फुलवाल्या वळल्या. देवीच्या दारात इतके लोक माझ्याकडे बघत होते आणि माझी छाती फुगून शर्टाच्या गुंड्या ताणल्या होत्या. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पुढं मोठमोठी इंजिनं खोलली, पण तेवढा अभिमान पुन्हा वाटला नाही.

किसनरावांनी ती मोटार बरीच वर्षं वापरली. पाटी एकदाही निसटली नाही. विकायला काढली तेव्हा क्लँप सोडायला माझ्याकडेच आणली. आजी फार थकली होती, तरी आली. बंपरचं निकेल ठिकठिकाणी उडून गेलं होतं. मी नट सोडले आणि मेणकापड उलगडलं. खाली चार बोटं निकेल पहिल्या दिवसासारखं लखलखत होतं.

आजीनं त्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून दोनदा फिरवला.

"नाही खंडित," ती म्हणाली.

त्यानंतर नवा माणूस कामाला आला की मी त्याला आधी नवार गुंडाळायला लावत असे. ड्रिल नंतर देत असे. भोक काय, कोणालाही पाडता येतं.