धाकटीच्या मापाची गाडी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पुढे फ्रेमा, आरसे आणि गोड बोलणारी मुलगी. मागच्या खोलीत हा, पाण्याची बारीक धार आणि फिरणाऱ्या चाकाची किरकिर. बहुतेक गिऱ्हाइकांना तो आहे हेही माहीत नाही. आमच्या घरात त्याचं नाव नटबोल्ट. ते धाकटीनेच ठेवलं, लग्न ठरायच्याही आधी, आणि असं चिकटलं की लग्नाच्या दिवशी आमच्या आईने चुकून सगळ्यांदेखत त्याला तशीच हाक मारली. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. मनात म्हणत नाही, म्हणून इथेही म्हणणार नाही.

नवराबायकोला एकच वेड होतं, क्वाड बाईकचं. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार फुगीर चाकं, मधे पाय फाकून बसायची सीट, छप्पर नाही, दार नाही, आणि रेस उजव्या अंगठ्याने दाबायची. शेतातलं सामान ओढणाऱ्या असतात त्या वेगळ्या. या नुसत्या उडवायच्या, कुठेही पोचायचं नसतं. त्यांची गल्ली जिथे संपते तिथून एक कच्चा रस्ता बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत उतरतो. दर रविवारी तिथे असे दहाबारा वेडे जमायचे आणि पोटभर धूळ खाऊन घरी जायचे. याची गाडी निळी, धाकटीची पिवळी. धाकटी याच्यापेक्षा चांगली चालवायची, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. एवढा एक गुण मी त्याच्या खात्यावर मांडते.

मला या प्रकारात कधी रस नव्हता. पण मी पलीकडच्याच गल्लीत एकटी राहते, रविवारचं जेवण त्यांच्याकडे असायचं, आणि जेवण वेळेवर हवं असेल तर गॅरेजमध्ये जाऊन दोघांना उठवून आणावं लागायचं. त्यामुळे नको असताना बरंच शिकले. हवेच्या गाळणीचा स्पंज धुऊन, वाळवून, पुन्हा तेलात मळावा लागतो. चाकांत हवा इतकी कमी ठेवतात की साधा मीटर लावला तर काटा जागचा हलत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या स्प्रिंगचं माप.

ते माप असं. गाडी रिकामी असताना नटबोल्ट मागच्या मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरायचा. मग धाकटी वर बसायची, दोन्ही पाय गाडीवर घेऊन, आणि तो पुन्हा मोजायचा. माणूस बसल्यावर गाडी किती खाली बसते ते बघायचं. जास्त बसली तर स्प्रिंगवरची रिंग वाकड्या पान्याने आवळायची, कमी बसली तर सैल करायची. गाडीसुद्धा कपड्यासारखी अंगाच्या मापाने करून घ्यावी लागते, असं तो म्हणायचा. धाकटीने आपलं वजन जन्मात कुणाला सांगितलं नाही. घरात वजनकाटा येऊ दिला नाही. मी तिला चिडवायचे, “नवऱ्यापासून काय लपवतेस? त्याचा टेप सगळं सांगतो त्याला.”

“टेप सांगतो, पण तो कुणाला सांगत नाही,” ती म्हणायची. “तुझ्यासारखा नाही तो.”

मग ती आजारी पडली. म्हणजे आम्हाला कळलं तोपर्यंत बराच उशीर झाला होता. ती सैल कपडे घालणारी, हसतमुख, दमले म्हणायची नाही. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो, ती, नटबोल्ट, त्यांची लेक आणि मी. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. आणि हा गृहस्थ जमिनीकडे बघत म्हणाला, “मला वाटलं स्प्रिंग कडक झाली.”

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. बायको समोर अशी बसलीय आणि याच्या डोक्यात गाडी! ते वाक्य मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. माणूस किती कोरडा असू शकतो त्याचा नमुना म्हणून सांगायचे. लोकही च्‌च्‌ करत माना हलवायचे.

धाकटी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ फार नाही. दाढ काढताना गाल बधिर करतात आणि मग स्वतःचाच गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं ते घर झालं. कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं मी तरी रडेन, इतर वेळी मला काही कमी रडायला येत नाही. पण मी स्वयंपाक केला, भांडी घासली, येणाऱ्यांना चहा दिला. नटबोल्ट कामावर जात राहिला. काचा घासल्या, घरी आला, जेवला, झोपला. मीठ कमी पडलं तरी कळायचं नाही त्याला, जास्त पडलं तरी नाही. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्याने दोनदा वाढून घेतली.

रविवारी तो गॅरेजमध्ये जायचा. पिवळी गाडी पुसायचा, चेनला तेल द्यायचा, सुरू करायचा. इंजिन तापेपर्यंत शेजारी उभा राहायचा, बंद करायचा आणि वर कापड टाकायचा. चालवायचा नाही. निळीला तर हातही लावायचा नाही. तिची चाकं बसली, सीटवर धूळ साचली. खाणीतली मंडळी सुरुवातीला बोलवायला यायची, नंतर तीही यायची थांबली.

राहता राहिली लेक. तिला आम्ही वाटाणा म्हणतो. जन्मली तेव्हा होतीच तेवढी. आता बापापेक्षा उंच आहे, पोहायला शिकवते, खांदे असे की दारातून येताना उजेड अडतो, पण नाव वाटाणाच. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तलावावर नोकरी मिळत होती. महिनाभर ती हो-नाही करत राहिली. शेवटी एका रविवारी सकाळी तिने बापाला विचारलं. मी ओट्याशी होते, सगळं ऐकलं.

“बाबा, जायच्या आधी एकदा आईची गाडी चालवू?”

“नको.”

“एकदाच. खाणीत एक चक्कर.”

“ती नाही चालवायची. निळी घे, मी नीट करून देतो.”

“मला निळी नकोय.”

तो उठला. पिशवी घेऊन तेल आणायला बाहेर पडला. वाटाणा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं.

“मावशी, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आई गेल्यापासून बघितलं नाहीये त्याने. मी इथून गेले ना, तर परत यायला मला कारणच नाही उरणार.”

ती हे बोलली आणि मला दिसलं, ही खरंच येणार नाही. भांडून गेलेली माणसं परत येतात, ही न भांडता जाणार होती. मागे तो, कापड टाकलेली गाडी आणि मिठाशिवायची आमटी. मला नटबोल्टचा राग होता, पण इतकाही नव्हता.

“किल्ली खिळ्याला आहे,” मी म्हटलं. “हेल्मेट घाल.”

मी खाणीच्या काठावर उभी राहिले. ती छान चालवत होती. वळणावर आतल्या बाजूला अंग झोकायची, अगदी आईसारखी, आणि मागची चाकं घसरत जाऊन धुळीचा पंखा उडायचा. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, काही वाटलं नाही. मग ती मधल्या उंचवट्यावरून उडाली. चाकं जमिनीला लागली तशी गाडी मागून खाली बसली, बसतच गेली, खाडकन आवाज झाला आणि तिने वाटाण्याला फेकून दिलं. माणूस पडला की इंजिन बंद व्हावं म्हणून मनगटाला बांधतात ती दोरी निसटली, इंजिन बंद पडलं. पिवळी गाडी एका कुशीवर पडली.

मी कशी उतरले मला माहीत नाही. वाटाणा उठून बसली होती. कोपर सोललं होतं, ओठ फुटला होता, बाकी धड होती. एवढ्यात गॅरेज रिकामं बघून वरून नटबोल्ट धावत आला, हातात तेलाची पिशवी तशीच. त्याने लेकीवर एक नजर टाकली आणि सरळ गाडीकडे गेला. मागच्या चाकाशी गुडघे टेकले आणि स्प्रिंग चाचपू लागला.

“बाबा,” वाटाणा म्हणाली, “मी इथे आहे.”

त्याने ऐकलं नाही. “पूर्ण बसली ना? मागून? खालपर्यंत?”

तेव्हा मात्र माझा तोल गेला. “अहो, लाज वाटत नाही तुम्हाला? तेव्हाही स्प्रिंग, आताही स्प्रिंग! पोरीच्या तोंडातून रक्त येतंय!”

तो वळला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुकानात कुणाला नंबर सांगावा तशा आवाजात बोलला.

“ही गाडी हिच्या मापाची नाही, ताई. तिच्या मापाची आहे. शेवटच्या.”

मग तिथेच धुळीत बसून त्याने सांगितलं. त्या शेवटच्या वर्षी गाडी धाकटीखाली बसेनाशी झाली. टेप दर वेळी थोडं कमी दाखवायचा. त्याला वाटलं स्प्रिंग अडकतेय. त्याने शॉकअप खोलला, साफ केला, नवं तेल भरलं, परत बसवला. ती वर बसली, त्याने मोजलं, आणखी कमी. परत खोलला. खाणीतल्या मित्रांना विचारलं, नवी स्प्रिंग मागवली, ती घातली. नवीही कडक. कंपनीला शिव्या घातल्या. धाकटी वर बसून हसत असायची, म्हणायची, तुझी स्प्रिंग म्हातारी झाली. तो रिंग सैल करायचा, थोडी, मग आणखी थोडी. गाडी तिच्याखाली शेवटपर्यंत मऊ चालली. ती म्हणायची, इतकी छान कधीच नव्हती चालत.

“तिचं अंग माझ्या समोर होतं,” तो म्हणाला. “मी टेप वाचत होतो. महिनेच्या महिने वाचत होतो. आणि दुरुस्त स्प्रिंग करत होतो.”

डॉक्टरांच्या खोलीतलं ते वाक्य मी किती घरांत सांगितलं होतं, ती सगळी घरं डोळ्यांसमोरून गेली. त्या खोलीत डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर फक्त त्याने दिलं होतं.

वाटाणा उठली. ओठ बाहीला पुसला. “चल,” ती म्हणाली. “घरी जाऊन मोज.”

गाडी तिघांनी ढकलत वर आणली. चढावर मला धाप लागली, पण कुणी थांबलं नाही. गॅरेजमध्ये त्याने मडगार्डवरची धूळ पुसली, टेप काढला, रिकाम्या गाडीचं माप घेतलं. वाटाणा वर बसली, पाय वर घेतले. गाडी भसकन खाली गेली. तो वाकून बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं याला आकडे वाचता येईनासे झाले.

“उतर,” तो म्हणाला. ती उतरली. “परत बस.” ती बसली. त्याने परत मोजलं.

“काय झालं?”

“काही नाही. बसतेय.” मग थोड्या वेळाने, “चांगली बसतेय.”

त्याने वाकडा पाना घेतला. रिंगच्या आट्यांवर जिथे धाकटीची शेवटची जागा होती, तिथे तेल आणि धूळ मिळून एक काळी रेघ झाली होती. पान्याचं टोक रिंगमध्ये अडकवून तो थांबला. मला वाटलं, आता हा ठेवून देणार. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. रिंग करकरली, आणि फिरली. एक फेरा, दुसरा, आणखी. काळी रेघ कुठे गेली ते दिसेनासं झालं. त्याने टेप लावला, मान हलवली, पाना खाली ठेवला.

“तिकडे जाशील,” तो लेकीला म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत होता, नीट, पायापासून डोक्यापर्यंत. “दर वेळी आलीस की आधी इथे बसायचं. जेवण नंतर.”

“म्हणजे मी यायचं?”

“यायचंच. मोजायला नको?”

तिने खालचा ओठ दातात धरला, तो फुटलेला होता म्हणून लगेच सोडला. मान हलवली.

मी तोंड धुवावं म्हणून आत जायला वळले. मागून आवाज आला.

“ताई, तुम्हीपण बसा.”

“मी? वेड लागलंय का तुम्हाला? माझं वय काय, माझं वजन काय! मोडेल ती.”

“नाही मोडत. एकदा बसा.”

त्याच्या हातात टेप होता. मी साडी आवरली, वाटाण्याचा खांदा धरला, आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीवर चढले. पाय वर घेतले. नुकती आवळलेली रिंग, तरीही मागची स्प्रिंग कण्हली आणि आम्ही दोघी, मी आणि गाडी, चांगल्याच खाली गेलो. एरवी मी लाजेने मेले असते. नटबोल्टने वाकून टेप वाचला, दुसऱ्यांदा वाचला.

“छान,” तो म्हणाला.