गायरानाच्या कागदातली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मेहबूबभाईंना माती देऊन आलो, त्याला आज बारा दिवस झाले. त्यांना तरी सांगता आलं असतं. घर काही लांब नव्हतं.

आधी दुधाचं सांगतो, नाहीतर पुढं लिहिताना ते लपवावंसं वाटेल. बहात्तरच्या दुष्काळात माझी मुलगी दोन महिन्यांची होती. बायकोचं दूध आटलं. मेहबूबभाई रोज सकाळी शेळीचं दूध उंबऱ्यावर ठेवून जायचे. पैशांचं नाव काढलं की चालायलाच लागायचे. मुलगी त्या दुधावर जगली.

दुष्काळ सरला, पण शिवार उघडंच राहिलं. मी पुस्तकातला मास्तर. झाड माती कसं धरून ठेवतं, हे मला पाठ. मीच सरपंचांच्या मागे लागलो — पंचायतीनं सरकारी कर्ज काढावं, गायरानावर झाडं लावावीत, ओढ्याकाठी बाग करावी. कागद आले. चावडीपुढं सभा भरली. गावात कागद नेहमी मीच वाचायचो, आणि मी वाचलं की लोक बिनघोर अंगठा उठवायचे.

शेवटच्या पानावर एक अट होती. कर्ज फिटेपर्यंत गायरानात कुणाचंही जनावर सोडायचं नाही. मी मान वर केली. समोरच मेहबूबभाई बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांच्या शेळ्यांना दुसरं रान कुठं होतं? अट वाचली असती तर सभा मोडली असती. मला झाडं हवी होती — की झाडांना माझं नाव? ती ओळ सोडून मी खालची वाचली. आवाजसुद्धा अडखळला नाही.

पण मी सांगायला बसलो ते हे नाही. हे त्याच्या पुढचं आहे.

गायरानाला तारा लागल्या तेव्हा मेहबूबभाई चावडीवर विचारायला आले. सरपंचांनी मला शाळेतून बोलावून घेतलं.

"गुरुजी, ही अट सभेत वाचली होती का न्हाय?" सरपंचांनी विचारलं.

"वाचली होती," मी म्हणालो.

"ह्याचं ध्यान सभेत कवा असतंय?" सरपंच म्हणाले. "शेळी शिंकली तरी ह्यो उठून पळतोय!"

सगळे हसले. मेहबूबभाईही हसले. "व्हय, गुरुजींनी वाचलं आसंल. माझंच ध्यान न्हवतं."

तिथं बोललो असतो तर? दुसरी सभा घेता आली असती. मी खडू लागलेले हात धोतराला पुसले आणि शाळेत परतलो.

शेळ्या उमरग्याच्या बाजारात गेल्या. मेहबूबभाई रोजगार हमीवर खडी फोडायला गेले, छातीत धूळ घेऊन परत आले. झाडं मात्र धरली. कडुलिंब, करंज — साहेब लोक बघायला येतात, सरपंच मला पुढं करतात. कर्ज अजून फिटलेलं नाही. तारा तशाच आहेत.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून. ते भिंतीला टेकून बसले होते. मला बघून बायकोला म्हणाले, "गुरुजी आले. दुधाचा चहा कर."

ती आत जाऊन कोरा चहा घेऊन आली.

मी तो प्यालो. कप खाली ठेवला, आणि घरी आलो.