पाणी नाकारणारा पाहुणा

इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या दादाजी वैरागडेंच्या दारातून पाणी न पिता कुणी सुटत नसे. पोस्टमन असो, हातगाडीवाला असो की शेजारची गाय, दादाजींचा लोटा आडवा यायचाच.

उन्हाळा लागताच सून दीपमालानं अडेनियमची कुंडी आणली. "मामाजी, हे समुद्रापल्याडच्या कोरड्या रेतीतलं झाड हाये. याले पानी देऊ नका."

दादाजींना हा अपमानच वाटला. एवढ्या लांबून आलेला पाहुणा आणि तहानलेला ठेवायचा? त्यांनी गुपचूप रोज लोटाभर पाणी घातलं, वर कुंडी कूलरसमोर मांडली. पंधरवड्यात झाडाचं गुबगुबीत खोड पिलपिलीत झालं.

दीपमालानं सडका भाग कापला आणि कुंडी गच्चीवर उन्हात ठेवली. "आता हात तर लावून पाहा!" दादाजी रोज लोटा घेऊन जिना चढत आणि भरलेलाच घेऊन उतरत.

नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांतल्या, एका भर दुपारी झाड गुलाबी फुलांनी भरलं. दादाजी छत्री उघडून त्याच्यासमोर फतकल मारून बसले.

"काहून गा, माह्या पान्यात असं काय वाईट होतं?"

मग त्यांनी लोटा स्वतःच्या तोंडाला लावला. "जाऊ दे. तुह्या वाटचं मीच पेतो."