धाकटीचा पहिला अल्बम

माझ्या धाकट्या बहिणीचा पहिला अल्बम निघाला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. दहा गाणी, सगळी कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली असतात तशी, सगळी तिने स्वतः लिहिलेली. नॉटिंगहॅममध्ये वाढलेली मराठी मुलगी कंट्री गाते याचं लोकांना फार नवल वाटायचं. आम्हाला घरात त्याचं नवल नव्हतं, कारण ते कुठून आलं हे आम्ही पाहिलं होतं.

ते शेजारून आलं. आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत होती. पलीकडे एक निवृत्त खाणकामगार आणि त्यांची बायको राहायची. बाबा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, आई तिथल्याच लॅबमध्ये. दोघांच्या शिफ्ट जुळल्या नाहीत की आम्हा बहिणींची रवानगी शेजारी. मी पुण्याहून आले तेव्हा पाच वर्षांची होते. मला त्यांचं बोलणं कळायला वेळ लागायचा, म्हणून मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे. धाकटी मात्र त्यांच्याच गालिच्यावर रांगायला शिकली. ते आजोबा, आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो, जेवणानंतर रेकॉर्ड लावायचे. उभं आयुष्य खाणीत काढलेला माणूस, दोन वाक्यं बोलली की धाप लागायची, पण गाण्यातल्या बाईचं घर सुटलं की डोळे पुसायचे. धाकटीच्या हातात पहिली गिटार त्यांनीच दिली. पुढे शाळेत असतानाच ती खाणकामगारांच्या क्लबात रविवारी गायला लागली. तिने सुरुवात केली की माणसं हातातले पत्ते पालथे घालून ऐकायची. मी ते पाहिलं आहे.

बाबांना हे कधी रुचलं नाही. ते ओरडले नाहीत, अडवलंही नाही. पण गाणं आपलं नाही, इथल्या लोकांचंही नाही, तिसऱ्याच देशाचं सोंग कशाला आणायचं, असं ते आईला म्हणायचे. आई म्हणायची, सूर पक्का आहे ना तिचा, मग झालं. बाबा तिला ऐकायला एकदाही गेले नाहीत. दर वेळी शिफ्टचं कारण असायचं. धाकटीनेही हट्ट केला नाही. ती कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी करायची आणि शनिवार-रविवार गायची.

मी तेव्हा ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होते. ग्लासगोतल्याच एका संगीत निर्मात्याने तिला कुठल्याशा महोत्सवात ऐकलं आणि अल्बम करूया म्हणाला. तिने रजा काढली आणि माझ्या फ्लॅटवर राहायला आली. ते दिवस फार सुखाचे होते. मी दमून घरी यायचे तर हिने पोहे केलेले असायचे, हमखास थोडे कोरडे. मग ती दिवसभराचं सांगत बसायची. स्टुडिओ एका कार्पेटच्या दुकानावर होता, आणि खाली गठ्ठा आपटला की वर रेकॉर्डिंग थांबायचं. एका गाण्यात तो आवाज तसाच राहिला होता. तो काढायचा नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

नऊ गाणी झाली. शेवटचं गाणं मात्र होईना. वरचा सूर लागेना, मध्येच आवाज फाटायचा. सर्दी असेल म्हणून तिने मध आणि आलं घेतलं, दोन दिवस बोलली नाही. तरी तेच. एका सकाळी ती सिंकपाशी उभी राहून मान मागे टाकून पाणी पीत होती. मी बाजूलाच टोस्टला बटर लावत होते. तिच्या गळ्यावर, जरा उजवीकडे, गिळताना काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. मी सुरी ठेवली आणि हात लावून पाहिलं. गाठ कडक होती. बोटांनी हलवून हलेना.

"काय आहे, ताई?" तिने विचारलं.

मी म्हणाले, बघून घेऊ. पण माझ्या चेहऱ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं असावं, कारण तिने ग्लास ठेवला आणि स्वतःच गाठीवर बोट ठेवून पाहिलं.

तपासण्या नॉटिंगहॅमला झाल्या. थायरॉइडचा कॅन्सर. तसा हा बरा होणारा, डॉक्टर लोक एकमेकांना सांगताना याला जवळजवळ चांगली बातमी म्हणतात. पण गाठीने आवाजाच्या नसेला वेढा घातला होता. सर्जन सरळ माणूस होता. त्याने तिला समोर बसवून सांगितलं की जीव वाचेल, नस वाचेल असं मला वाटत नाही. बोलता येईल. गाणं विसरावं लागेल. आई-बाबा आणि मी तिच्या मागे बसलो होतो. तिने फक्त ऑपरेशन कधी ते विचारलं. दोन आठवड्यांनी, असं उत्तर आलं. मग मला एक गाणं करून यायचंय, ती म्हणाली.

ती ग्लासगोला निघायच्या आदल्या दिवशीच मला सुट्टी संपवून परत जावं लागलं होतं. आई लॅब सोडू शकत नव्हती. धाकटीला ट्रेनमध्ये एकटं बसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. बाबांनी कुणाला न विचारता गाडी काढली. नॉटिंगहॅमपासून ग्लासगोपर्यंत दोघं काय बोलले, हे मी नंतर दोघांनाही विचारलं. दोघांनीही सांगितलं, काही नाही. वाटेत चहापाण्याला थांबतात तशा एका सर्व्हिस स्टेशनवर बाबांनी तिच्यासाठी कोमट पाणी मागून घेतलं, एवढंच.

मी हॉस्पिटलमधून थेट स्टुडिओत पोचले. बाबा आतल्या छोट्या खोलीत, काचेच्या अलीकडे, कोट न काढता बसले होते. काचेपलीकडे धाकटी हेडफोन लावून उभी होती. गाणं आईबद्दल होतं. पहाटे शिफ्टला जाणारी एक बाई झोपलेल्या मुलींच्या अंगावर आपली शाल टाकून जाते, आणि मुली दिवसभर त्या शालीसाठी भांडतात. बस, इतकंच. आमच्या घरातली ही गोष्ट तिने तशीच्या तशी, कंट्रीच्या त्या साध्या चालीत घातली होती. बाबांनी ते गाणं प्रथमच ऐकलं. तिने त्यांना कधी गाऊन दाखवायचा प्रश्नच आला नव्हता.

सूर फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. मग तिने निर्मात्याला सांगितलं की फाटतो तिथे फाटू दे, आणि डोळे मिटून सबंध गायली. निर्माता खूश होता. झालं, हेच ठेवू, म्हणाला. लोक वायरी गुंडाळायला लागले. तेव्हा बाबा उठले, मधलं दार उघडून आत गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"दमली नसशील तर अजून एकदा म्हणशील का? यांच्यासाठी नको, माझ्यासाठी म्हण."

तिने गिटार पुन्हा गळ्यात अडकवली. कुणी काही रेकॉर्ड केलं नाही. ती बाबांकडे बघून गायली आणि बाबा हात मागे बांधून, वॉर्डात उभे राहायचे तसे उभे राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी काचेतून पाहत होते. मला आत जाववलं नाही.

ऑपरेशन सर्जनने सांगितलं होतं तसंच झालं. गाठ पूर्ण निघाली, नस गेली. ती शुद्धीवर आली तेव्हा आम्ही तिघंही भोवती होतो. तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं, पण तिने ओठ हलवले आणि नुसता वारा यावा तसं काहीतरी बाहेर आलं. "माझी आवाज गेली," ती म्हणाली. इथे जन्मलेल्या बऱ्याच मुलांसारखा तिचा मराठी शब्दांच्या लिंगाचा गोंधळ जन्मभराचा, आणि आईने तो दर वेळी, पाहुण्यांसमोरसुद्धा, सुधारलेला. त्या दिवशी आईने सुधारलं नाही. "हो गं, गेली," असं म्हणून तिने पांघरूण सारखं केलं.

अल्बम शरदात आला. कव्हरवर ती शेजारच्या आजोबांच्या दारात बसलेली आहे. पहिला कार्यक्रम त्या क्लबातच ठेवायचा, हे फार आधी ठरलं होतं. तो रद्द करूया असं मी म्हणाले, ती नाही म्हणाली. रविवारी दुपारी क्लब भरला. स्टेजवर एक खुर्ची ठेवली होती, ती तिथे बसली आणि सीडी स्पीकरवर लावली. दहाही गाणी. लोकांना टाळ्या कुठे बघून वाजवायच्या ते कळेना. पहिल्या गाण्यानंतर कुणीच वाजवल्या नाहीत. मग आजोबा, ते तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी लावून आले होते, टेबलाला धरून उठले आणि उभ्यानेच टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागून सगळे. ती मान खाली घालून हसत होती, आणि आपल्याच गाण्याबरोबर तिचे ओठ हलत होते. हे तिला कळत होतं की नाही, मला माहीत नाही.

बाहेर निघताना एका बाईने सीडीवर तिची सही घेतली आणि पुढचा अल्बम कधी, असं प्रेमाने विचारलं. बिचारीला कुणी सांगितलं नसावं. धाकटी तिच्या त्या फुसफुसत्या आवाजात, "हा एकच," म्हणाली.

अल्बमचं बरं झालं. रेडिओवर काही गाणी लागली, एका वर्तमानपत्रात चांगलं छापून आलं. मग ते मागे पडलं. निर्मात्याने विचारलं की गाणी तू लिही, दुसरी कुणी गाईल. तिने विचार करते म्हणून सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. गिटार तिने क्लबाला देऊन टाकली. ती अजून लायब्ररीत आहे. तिची तब्येत ठणठणीत आहे, आणि आम्ही देवाचे आभार मानतो, मनापासून मानतो.

त्या नाताळात आम्ही सगळे घरी जमलो होतो. बाबांनी स्वयंपाकघरात सीडी लावली. ती भांडी पुसत होती. पहिल्या ओळीला तिने फडकं खाली ठेवलं.

"बाबा, नका ना लावू," ती म्हणाली. "मला ऐकायला नाही जमत."

बाबांनी लगेच बंद केली. पुन्हा घरात लावली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी आले होते. एका दुपारी दूध आणायला बाहेर पडले तर बाबांची गाडी आमच्या दारात नव्हती, रस्त्याच्या पार टोकाला उभी होती. बाबा आत बसले होते, काचा वर केलेल्या. मी जवळ गेले तेव्हा शालीचं गाणं चालू होतं, सूर फाटतो त्याच्या थोडं अलीकडे. मला बघून त्यांनी काच खाली केली नाही. फक्त हात वर करून थांब म्हटलं. मी फुटपाथवर उभी राहिले.