शर्टावरचे केळीचे डाग

“मजुरांच्या शर्टांवर हे काळे डाग कशाला?” जळगावच्या गॅलरीतल्या मॅडमनी माझं चित्र बघत विचारलं.

“काढून टाकतो की. दहा मिनिटांचं काम.” मी पिशवीतून ब्रश काढलासुद्धा.

त्यांनी माझी छोट्या चित्रांची फाइल मिटली. “मी काढा म्हटलं का? कशाला, एवढंच विचारलं.”

मी ब्रश परत पिशवीत टाकला. मी धुळ्यात बोर्ड रंगवणारा पेंटर. घर लांब, उदगीरकडे. शाळा सातवीत सुटली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाने ‘हे कशाला?’ म्हटलं की ‘पुसा’ असं समजायचं. वीस वर्षं हात तसाच चालला. फ्लेक्स आल्यावर कामं घटली, तेव्हा रिकाम्या वेळात केळीच्या गाड्या भरणारे मजूर कॅनव्हासवर काढू लागलो.

धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या सुरेखाताई शाळेत ड्रॉइंग शिकवतात. त्यांनी चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाला रिप्रेझेंटेशन पाहिजे.” म्हणजे काय, तेही त्यांनीच सांगितलं. गॅलरी आपली चित्रं कायम दाखवते, विकते, आपल्या वतीने बोलते आणि विक्रीतला ठरलेला वाटा घेते. न कळवता चित्रं घेऊन दारात उभं राहायचं नाही. आधी मेल करायचा, त्यात एकाच विषयाच्या दहाएक चित्रांचे फोटो. मेलसुद्धा ताईंनीच करून दिला, म्हणून तर मॅडमनी चित्रं घेऊन बोलावलं. एवढं कोण करतं परक्यासाठी?

आणि मी तिथं ब्रश काढून बसलो.

“तुम्हालाच सांगता येत नाही, तर मी लोकांना काय सांगू?” मॅडम म्हणाल्या. “महिन्याने या. एक मोठं चित्र आणा आणि स्टेटमेंट आणा.”

स्टेटमेंट म्हणजे आपण हे का काढतो, ते अर्ध्या पानात लिहायचं. धुळ्यापर्यंत एसटीत मी स्वतःला शिव्या घालत आलो.

“ताई, काहीतरी भारी लिहून द्या.”

“मी एक शब्द घालणार नाही. तुम्ही बोला, मी उतरवते. डाग कसले?”

“केळीचा चीक. धुतला तरी जात नाही.”

“तुम्हाला कसं माहीत?”

मग सांगावंच लागलं. या मुलखात आलो तेव्हा पहिले सहा महिने सावद्याकडे केळीचे घड वाहिले. घरी फोनवर मात्र पेंटर झालो म्हणून सांगितलं होतं. गावी गेलो तेव्हा आईने माझा शर्ट चार वेळा धुतला आणि शेवटी विचारलं, “हा कुठला रंग रे?”

ताईंनी तेच लिहून घेतलं.

महिन्याने मॅडम तो कागद वाचत होत्या, तेवढ्यात रावेरकडचे एक केळीचे व्यापारी आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते. भिंतीला टेकवलेल्या माझ्या मोठ्या चित्रापुढे ते थांबले.

“झकास! मले हे बैठकीत लावाचं हाये. फक्त शर्ट स्वच्छ करून दे भो. नाहीतर पाव्हणे म्हणतीन, नाना मजुरांले कपडे घेत नाही.”

मॅडम माझ्याकडे बघेनात. यांचं गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं, तर हे दार पुन्हा उघडायचं नाही, एवढं मला कळत होतं. हात खिशात घातले.

“नाही जमणार, नाना.” मी म्हणालो. “तो चीक आहे. तो काढला तर ही माणसं केळी उचलणार नाहीत, नुसती फोटोला उभी राहतील.”

“मले शिकवून राह्यला का? चीक मले माहीत नाही?”

“माहीत आहे म्हणून तर नजर तिथंच गेली तुमची.”

नानांनी वाकून डाग जवळून पाहिले. मग मॅडमकडे वळले. “तुमचा पेंटर लय आखडू हाये.”

“हो,” मॅडम म्हणाल्या, “आमचाच आहे.”

मी जवळच्या स्टुलावर बसलो.

नानांनी चित्र डागांसकट नेलं. दुपारी करारनामा पुढे आला. मी दोन दिवस मागून घेतले, ताईंकडून ओळ न ओळ समजून घेतली आणि मग सही केली. आता जळगावच्या त्या भिंतीवर माझी सहा चित्रं आहेत.

गॅलरी आपल्या वतीने बोलते, हे खरं. पण काय बोलायचं ते आपणच तिला सांगावं लागतं. आणि त्याला दहावी पास लागत नाही.